कटान: खेळ उत्तम, फक्त चोराला आवर घाला

तीन-चार भिडूंसाठी घरी एकच मोठा बोर्डगेम घ्यायचा असेल, तर क्लाउस टॉयबर यांचा १९९५ सालचा कटान आजही घ्यावा असाच आहे. यात कुणी मध्येच बाद होत नाही. दुसऱ्याच्या पाळीतही फाशांवर आपल्या वस्तीशेजारच्या पाटाचा (नकाशाच्या षटकोनी तुकड्याचा) आकडा पडला की मालाचे पत्ते हातात येतात, त्यामुळे तोंड पाडून बसायची वेळ क्वचितच येते. तरीही डाव रडीचा होतो, आणि त्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे प्रत्येकाने सुरुवातीला मांडायच्या दोन वस्त्या. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ आणि ८ प्रत्येकी ५ वेळा पडतात, २ आणि १२ फक्त एकेकदा. नवखा भिडू हौसेने १२ वर बसतो आणि तासभर रिकाम्या हाताने फासे बघतो. आकड्याखाली ठिपके असतात, जितके जास्त तितका तो आकडा जास्त वेळा पडतो. वस्तीभोवतीच्या तीन पाटांचे मिळून दहाएक ठिपके भरले की जागा चांगली, हे जुन्यांनी आधीच सांगावं. विटा आणि खनिजाचे पाट तीन-तीनच, बाकीच्या मालाचे चार-चार. विटेशिवाय ना रस्ता ना वस्ती. पहिल्या डावाला नियमपुस्तिकेतली ठरलेली मांडणीच घ्या.

खरं भांडण लागतं ते चोरावरून, म्हणजे ज्या पाटावर बसेल त्याचा माल अडवणाऱ्या सोंगटीवरून. सात पडायची शक्यता ३६ पैकी ६, म्हणजे सर्वांत जास्त. सात पडले की हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील तर निम्मे टाकायचे (नऊ असतील तर चार), आणि मग चोर हलवायचा. एकाच माणसावर तो तीनदा आला की खेळ संपेपर्यंत हिशेब चुकते होत राहतात. घरचा नियम करा: ज्याचे दोनच गुण आहेत (म्हणजे सुरुवातीच्या दोन वस्त्यांचेच) त्याच्या पाटावर चोर न्यायचा नाही. दुसरी जागा नसेल तर वाळवंटात, म्हणजे काहीच न देणाऱ्या पाटावर. याने खेळ फारसा मऊ होत नाही. पुढे असलेल्याला मार बसतोच.

देवाणघेवाणीचे दोन नियम बहुतेक जण विसरतात. व्यवहार फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच होतो, आणि पत्ते फुकट देता येत नाहीत. नवरा-बायको किंवा भावंडं एकमेकांना गुपचूप जिंकवू लागली की हा दुसरा नियम मोठ्याने वाचून दाखवा. 'पुढच्या पाळीला वीट देतो' असली उधारी ठेवूच नका, ती हमखास बुडते. घासाघीस रेंगाळत असेल तर मिनिटभराची वाळूची घड्याळ ठेवा.

खोक्यावर वय दहापासून पुढे लिहिलंय ते योग्यच आहे. लहानग्याला लिंबूटिंबू करून फासे टाकायला द्यावेत, स्वतंत्र भिडू करू नये. दहा गुण आधी करणारा जिंकतो, पण असा डाव नवख्यांना लांबतो, तेव्हा आठवर थांबा.

पाच-सहा जणांसाठी वेगळा जोडसंच मिळतो, पण त्यात पाळी येईपर्यंत फार ताटकळावं लागतं. त्या पैशात दुसरा छोटा खेळ घ्या आणि दोन टेबलं मांडा.