घरच्या तलावासाठी गोळ्या की द्रव क्लोरीन?

खानापूर रस्त्यालगतच्या आमच्या घरी पोहण्याचा ३०,००० लिटरचा छोटा तलाव आहे. पहिली दोन वर्षे मी त्यात क्लोरीनच्या गोळ्या वापरल्या. त्यानंतर द्रव क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सुरू केले आणि आता त्यालाही तीन उन्हाळे झाले. परिचितांपैकी दोघांनी नुकताच तलाव बांधला असून त्यांच्यापुढे हाच प्रश्न आहे, म्हणून माझा अनुभव मांडतो. मोकळे क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात शिल्लक असलेले) १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, ७.२ ते ७.६ राखायचा, एवढे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

सोयीच्या बाबतीत गोळ्यांना तोड नाही. २०० ग्रॅमची गोळी तरंगत्या डबीत ठेवली की तीन दिवस हळूहळू विरघळत राहते, आणि कोरड्या जागी ठेवलेला डबा कित्येक महिने टिकतो. शिवाय गोळीतले सायन्युरिक ॲसिड, ज्याला आपण स्टॅबिलायझर म्हणतो, क्लोरीनला उन्हापासून सांभाळते. ते पाण्यात नसेल तर एप्रिलच्या उन्हात सकाळी घातलेले क्लोरीन दुपारपर्यंत बहुतेक उडून जाते.

माझी तक्रार याच स्टॅबिलायझरविषयी आहे. क्लोरीन खर्च होते, ते मात्र पाण्यातच राहते. माझ्या तलावात एका गोळीमागे ६ पीपीएम क्लोरीन मिळते आणि साडेतीन पीपीएमच्या आसपास स्टॅबिलायझर साचते. महिन्याला दहा गोळ्या धरल्या तर तीन महिन्यांत ते १०० च्या वर जाते. हवे असते ३० ते ५०. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलअखेरीस चाचणीत क्लोरीन व्यवस्थित ३ दिसत होते, तरी पायऱ्यांचे कोपरे हाताला बुळबुळीत लागत आणि सकाळी पाण्यावर हिरवट झाक दिसे. क्लोरीन कमी पडते आहे अशा समजुतीने मी आणखी गोळ्या टाकत गेलो. शेवटी स्टॅबिलायझरची चाचणी केली. तिच्यात द्रावण मिसळून दुधाळ झालेले पाणी नळीत थोडे थोडे ओतत, तळाचा काळा ठिपका कोणत्या खुणेवर दिसेनासा होतो ते पाहायचे असते. माझा ठिपका पाणी १०० च्या खुणेला पोहोचण्याआधीच नाहीसा झाला. इतक्या स्टॅबिलायझरशी क्लोरीन बांधलेले राहते, त्यामुळे चाचणीत दिसले तरी शेवाळ मारायला ते पुरत नाही.

यावर घरगुती उपाय एकच: पाणी बदलणे. ऐन मे महिन्यात, बोअरचे पाणी खाली गेलेले आणि शेजारी पिण्यासाठी टँकर मागवत असताना, मला १५,००० लिटर पाणी काढावे लागले. ते माझ्या मनाला फार लागले, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

द्रव क्लोरीनमध्ये स्टॅबिलायझर नसते. ते सुरुवातीला वेगळे घालून ३० पर्यंत आणले, की पुढे पाण्याबरोबर बाहेर जाईल तेवढेच भरून काढायचे. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना, मी सुमारे ६०० मिलि ओततो. द्रावण १० टक्क्यांचे असेल तर त्याने २ पीपीएम वाढते. त्रास यातही आहे. कॅन उचलावा लागतो, शिंतोडा उडाला की कपड्याचा रंग जातो, आणि उष्णतेने द्रावणाची शक्ती उतरते. म्हणून मी पंधरा दिवसांत संपेल एवढाच १० लिटरचा कॅन आणतो आणि सावलीत ठेवतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो: गोळ्या आणि हे द्रावण कधीही एकत्र येऊ देऊ नये, मापाचे भांडेही वेगळे ठेवावे, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

पावसाळ्यात मात्र मी गोळ्यांकडे वळतो. खानापूरकडच्या पावसाने तलाव सारखा भरून वाहतो आणि साचलेले स्टॅबिलायझर आपोआप बाहेर जाते. गोळ्या आम्लधर्मी असल्याने त्या महिन्यांत पीएच आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची क्षमता) दर आठवड्याला तपासावी.

ज्यांचे वास्तव्य पुण्या-मुंबईला आहे आणि जे शनिवार-रविवारीच गावी येतात, त्यांना रोज संध्याकाळी ओतणे जमणार नाही. त्यांनी गोळ्या घेतल्या तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. त्यांनी स्टॅबिलायझर दर महिन्याला मोजावे, आणि ते ५० च्या वर गेलेले दिसले तर मे महिन्यापर्यंत न थांबता, बोअरला पाणी आहे तोवर, जानेवारी-फेब्रुवारीतच थोडे पाणी बदलून घ्यावे.