मित्रांमध्ये फोटो वाटायला काय वापरावं? पावसाळा ते रंगपंचमी, आमच्या ग्रुपचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. आमच्या नाशिकच्या ग्रुपने गूगल फोटोजचे शेअर्ड अल्बम धरले. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ते चालू आहेत आणि पुढेही चालू राहतील. व्हॉट्सअ‍ॅप सुटलेलं नाही, पण त्यावर आता फक्त लिंक पडते. मोजके, खरोखर चांगले फोटो फ्लिकर या फोटोंच्या साइटवर जातात. मूळ फाइल मात्र ज्याने फोटो काढला त्याच्या हार्ड डिस्कवर राहते. एवढी खटपट कशाला, एकाच ठिकाणी का भागत नाही, असं विचाराल. कारण फोटो दाखवणं आणि फोटो सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही नीट करणारं एकही अ‍ॅप मला सापडलं नाही.

ग्रुप म्हणजे रविवारी डोंगरात आणि थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणारी मंडळी. दोघांकडे मोठे कॅमेरे, बाकी सगळे फोनवाले, त्यात दोन आयफोन. एक मैत्रीण लग्न होऊन कॅनडात गेली, तिला प्रत्येक ट्रेकचे फोटो हवेच असतात आणि तेही आजच्या आज. शिवाय आमचे काका. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गड चढताना आम्हा सगळ्यांच्या पुढे, पण फोनच्या बाबतीत त्यांची एकच अट: "लिंक दाबली की फोटो दिसला पाहिजे. मध्येच ईमेल-पासवर्ड विचारला की मी बंद करणार." निवड करताना हीच चाळणी सगळ्यात कामाला आली. दिसायला देखणी असलेली दोन-तीन अ‍ॅप तिथेच गळाली, कारण एक फोटो बघायला त्यांना आधी खातं उघडून हवं होतं.

विषय निघाला तो प्रिंटवरून. एकाला हरिहर गडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा फोटो १२ बाय १८ इंचात करून दिवाणखान्यात लावायचा होता. कॉलेज रोडच्या लॅबवाल्याने पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली आणि म्हणाला, "भाऊ, हा ग्रुपवरून उचललेला आहे ना? ओरिजनल आणा." हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तेवढे पिक्सेल १८ इंचांत पसरले तर इंचाला ९० सुद्धा पडत नाहीत. चांगल्या प्रिंटला ३००च्या आसपास लागतात. फोनच्या पडद्यावर हा फरक कळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला तो खटकतही नाही. २०२३ मध्ये एचडीचा पर्याय आला, त्याने बरंच सुधारलं, पण असा पर्याय आहे हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं.

दुसरा मार्ग म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते, दर्जाला धक्का नाही. आम्ही काही आठवडे हेच केलं. पण ट्रेकचे पन्नास-साठ फोटो असे आले की ग्रुपवर नुसती आकड्यांच्या नावांची माळ लागते. एकेक उतरवा, उघडा, बंद करा. बघायची मजाच जाते. आणि तोच फोटो पंधरा जणांच्या फोनमध्ये पंधरा वेळा जागा खातो. काकांचा फोन महिन्याभरात 'स्टोरेज फुल' म्हणायला लागला.

डॉक्युमेंटची अजून एक भानगड आहे, ती पक्षीवाल्यांनी जरूर वाचावी. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच लिहिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती सोबतच जाते. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलं, राज्यातली पहिली रामसर पाणथळ. तेव्हापासून नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. तिथे किंवा आसपासच्या एखाद्या मळ्यात घुबडाचं घरटं सापडलं आणि त्याचा फोटो पत्त्यासकट ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेला, तर पुढच्या रविवारी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची रांग लागणार. त्या गर्दीत पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो. त्यामुळे आमचा नियम: घरट्याचा फोटो पिल्लं उडून जाईपर्यंत कुठेच टाकायचा नाही, आणि अल्बममध्ये फोटोचं लोकेशन शेअर करण्याचं बटण कायम बंद. गूगल फोटोजमध्ये हे बटण अल्बमच्या सेटिंगमध्ये मिळतं. अ‍ॅप कोणतंही घ्या, ही सेटिंग आहे की नाही ते आधी बघा, बाकी फिल्टर-बिल्टर नंतर.

आयफोनवाल्या दोघांनी आपला आयक्लाउडचा शेअर्ड अल्बम सुचवला. त्याचा फायदा म्हणजे अल्बममधले फोटो तुमच्या ५ जीबीच्या फुकट कोट्यातून मोजले जात नाहीत. पण फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेलवर आणली जाते, म्हणजे लॅबवाल्यापुढे पुन्हा तीच पंचाईत. अँड्रॉइडवाल्यांना वेबवरून नुसतं बघता येतं, आपले फोटो टाकता येत नाहीत. सगळ्यांकडे आयफोन असलेल्या घरात ठीक आहे, आमच्याकडे चाललं नसतं. टेलिग्रामवर मूळ फाइल आरामात जाते, पण ग्रुपमधल्या दोघांकडेच ते होतं आणि बाकीच्यांची ते घ्यायची तयारी नव्हती. विषय तिथेच संपला.

आता गूगल फोटोज. शेअर्ड अल्बमची लिंक ज्याच्याकडे आहे तो लॉगिन न करता फोटो बघू शकतो, त्यामुळे काका पहिल्याच दिवशी पास. फोटो टाकायचे असतील तर मात्र गूगल खातं लागतं, आणि ते प्रत्येक अँड्रॉइडवाल्याकडे असतंच. एका अल्बममध्ये २०,००० पर्यंत फोटो-व्हिडिओ बसतात, आमच्या आयुष्यभराला पुरतील. रविवारी संध्याकाळी प्रत्येक जण घरी येऊन वाय-फायवर आपले फोटो टाकतो. गडाच्या पायथ्याच्या गावात रेंज एवढी असते की लोकेशन पाठवलं तरी घड्याळ फिरत राहतं, तिथून अपलोडचा नादच केला नाही. कॅनडातली मैत्रीण तिच्या सकाळी उठून बघते आणि खाली प्रतिक्रिया लिहिते. त्या प्रतिक्रिया फोटोखालीच राहतात, ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात पुरल्या जात नाहीत. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

सांभाळायच्या गोष्टीही आहेत आणि त्या कुणी आधी सांगत नाही. पहिली, जागा कुणाची जाते? ज्याने फोटो टाकला त्याची. म्हणजे अल्बम माझा असला तरी कॅमेरावाल्या मित्राच्या फोटोंचं ओझं त्याच्याच १५ जीबीवर. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहेत. पूर्वी दर्जा जरा कमी करून ठेवले तर फोटो कितीही मावायचे, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. एक जेपीजी १० एमबीचा धरला तर १५ जीबीत दीड हजार फोटो, आणि जीमेलने आधीच चार-पाच जीबी खाल्लेले असतात. आम्ही तडजोड म्हणून 'स्टोरेज सेव्हर' लावलं. त्यात १६ मेगापिक्सेलपर्यंत फोटो तसाच राहतो, त्याहून मोठा असेल तर तेवढ्यावर आणला जातो. १२ बाय १८ च्या प्रिंटला तेवढं पुरतं. हरिहरच्या पायऱ्या अशाच भिंतीवर गेल्या, लॅबवाल्याने काही कुरकुर केली नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फोटो टाकणाऱ्याने आपल्या लायब्ररीतून तो उडवला की अल्बममधूनही जातो. अल्बममधून कुणी बाहेर पडलं तर त्याने टाकलेले फोटोही त्याच्याबरोबर बाहेर. ज्याला फोटो हवा आहे त्याने 'सेव्ह' करून स्वतःकडे घ्यायचा, मग तो राहतो, पण तुमची जागा खातो. आमच्यात एकाने फोन रिकामा करायचा म्हणून अ‍ॅपमधूनच धडाधड फोटो काढून टाकले, आणि अंजनेरीच्या अल्बमला भगदाड पडलं. नशीब, फोटो ट्रॅशमध्ये होते, परत आणता आले. फोनमधली जागा मोकळी करायला त्यासाठीचं वेगळं बटण आहे, ते क्लाउडवरचं काढत नाही. हे आम्ही नंतर सगळ्यांना समोर बसवून दाखवलं, मिसळ खाता खाता.

तिसरी, लिंक. लिंक ज्याच्या हाती पडली त्याला अल्बम दिसतो, तुमच्या ओळखीचा असो वा नसो. डोंगराच्या फोटोंना काय फरक पडतो? पण रंगपंचमीला पडतो. आम्ही जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, जातो. त्या पाण्यात उड्या मारताना काढलेले फोटो, कपडे ओले, तोंडं रंगलेली, सोबत पोरंबाळं. हे फोटो परक्या फोनवर जावेत असं कुणाला वाटेल? ग्रुपमधल्या एका वहिनींनी स्पष्ट सांगितलं, "माझा फोटो लिंकवाल्या अल्बमात नको." बरोबर आहे त्यांचं. त्यामुळे रंगपंचमीच्या अल्बमचं लिंक शेअरिंग बंद ठेवलं आणि माणसं एकेक करून जोडली. काकांना त्यासाठी खात्यात लॉगिन करून द्यावं लागलं. अर्ध्या तासाचं काम होतं, त्यात दोन वेळा चहा झाला.

फ्लिकरची गोष्ट थोडक्यात. २००४ पासूनची ही साइट, फोटोग्राफीवाल्यांची जुनी चावडी. मित्रांच्या धमालीसाठी ती नाही. फुकट खात्यात १,००० फोटोंची मर्यादा आहे आणि त्यातले खासगी फक्त ५०. पण कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड असं सगळं फोटोशेजारी दिसतं, आपला फोटो इतरांनी कोणत्या अटीवर वापरावा हे ठरवता येतं. आमचे दोन कॅमेरावाले हंगामातले दहा-बारा फोटो तिथे टाकतात आणि त्यांना समाधान मिळतं.

हार्ड डिस्कचा आग्रह मी धरला, त्यावरून मला 'आजोबा' म्हणून झालं. पण बघा, ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. गूगलचंच फोटोंचं पिकासा २०१६ मध्ये गेलं. फ्लिकरनेच २०१३ मध्ये सगळ्यांना १ टेराबाइट फुकट दिलं, आणि मालकी बदलल्यावर ते हजार फोटोंवर आणलं. कंपनीने उद्या नियम बदलला तर आपण काय करणार? २०१५ च्या सिंहस्थातले आमचे फोटो शोधायला बसलो तेव्हा हाती लागले ते सगळे ग्रुपवर फिरून बारीक झालेले. रामकुंडावरच्या गर्दीत कोण कुठे उभा आहे ते मोठं करून बघायला गेलं की नुसते चौकोन. पुढचा सिंहस्थ आता दारात आला आहे, त्या वेळी तरी मूळ फाइल कुणाकडे तरी असावी. गूगल फोटोजमधून सगळं एकदम उतरवून घ्यायला 'टेकआउट' आहे. झिप फाइल येतात, त्यात काही माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते, त्यामुळे फोटोंचा तारखेनुसार क्रम बिघडू शकतो. तेव्हा कॅमेऱ्यातून निघाल्या निघाल्याच एक प्रत डिस्कवर टाकलेली बरी.

पैशांचं विचाराल तर, मी गूगल वनचा १०० जीबीचा प्लॅन घेतला तेव्हा महिन्याला १३० रुपये होते. तो घरच्या पाच जणांबरोबर वाटून घेता येतो, प्रत्येकाचे फोटो आपापले राहतात. मित्रांमध्ये वाटायचा विचार निघाला होता, पण फॅमिली ग्रुपमधले सगळे एकाच देशातले लागतात, म्हणजे कॅनडावाली बाहेर, आणि बाकीच्यांना आपापल्या बायकोला सांगायचं धाडस झालं नाही. तुमच्या ग्रुपमध्ये मोठा कॅमेरा कुणाकडे नसेल तर सध्या पैसे भरू नका. आधी जीमेलमध्ये शोधाच्या चौकोनात १० एमबीपेक्षा मोठी अटॅचमेंट शोधा, बिलं-पत्रिका-पीडीएफ सगळं उडवा, ट्रॅश रिकामा करा. आमच्यातल्या बहुतेकांचे दोन-तीन जीबी तिथेच सुटले. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही अँड्रॉइडवर गूगल खात्यातच जातो, त्यात व्हिडिओ घेण्याचं बटण बंद करून ठेवा.