अ‍ॅपची तपासणी: एकट्या डेव्हलपरला गूगल प्ले बरं की अ‍ॅपल?
गिरगावातल्या खोलीत बसून एकट्यानं मेसच्या डब्यांचं अ‍ॅप करणाऱ्याला गूगल प्ले स्वस्त वाटतं: नोंदणी एकदाच 25 डॉलर, अ‍ॅपलला दरवर्षी 99. पण वैयक्तिक खातं 13 नोव्हेंबर 2023 नंतरचं असेल, तर अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी 12 परीक्षक सलग 14 दिवस बंद चाचणीत (म्हणजे फक्त निवडक लोकांना अ‍ॅप वापरायला देऊन) टिकवायचे. मधेच कुणी गळतं, म्हणून 15-16 जण घ्या. कंपन्यांच्या खात्यांना ही अट नाही. हा उघड दुजाभाव.

अ‍ॅपल नकारासोबत नियमाचा क्रमांक देतं, उलट उत्तर लिहिता येतं, अपीलही करता येतं. तिथं घोडं अडतं लॉगिनवर. ओटीपी वाजतो तुमच्या मोबाइलवर, तपासनीस बसलाय परदेशात. नकार येतो नियम 2.1 खाली, म्हणजे अ‍ॅप अपूर्ण म्हणून. तपासणीच्या नोट्समध्ये ठरावीक ओटीपी चालणारं डेमो खातं लिहून द्या.