बेरेटा ६८६ सिल्व्हर पिजन: नवी दुनळी, जोडण्यापासून खांद्यापर्यंत

आधीच सांगून टाकते, बंदूक झकास आहे. पण माझ्यासारख्या पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईने ती पेटीतून काढून तशीच मैदानावर नेली, तर खांदा आणि गाल दोन्ही कुरकुर करतील.

मी इंग्लंडात, लेस्टरशायरमध्ये राहते. रविवारी मातीच्या उडत्या तबकड्या फोडायला जाते. इतके दिवस क्लबची बंदूक वापरली, आता स्वतःची घेतली: बेरेटा या इटालियन कंपनीची सिल्व्हर पिजन १, स्पोर्टिंग (म्हणजे तबकड्यांसाठीची), बारा बोअर, नळ्या ३० इंची. किंमत दोन हजार पौंडांच्या वर. काकांची शेतराखणीची दुनळी लहानपणी पाहिली होती, तिच्या नळ्या शेजारी शेजारी. हिच्या एकावर एक. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “अगं, दरोडा घालायचाय का कुठे?” आम्ही कोल्हापूरचे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे आमच्याकडे रायफल-पिस्तूल पोराटोरांना ठाऊक. शॉटगन, म्हणजे छर्‍यांची बंदूक म्हटलं की मात्र २००४ च्या अथेन्समधलं राज्यवर्धन राठोड यांचं रौप्यपदक आठवतं आणि गाडी तिथेच थांबते.

परवान्याचं फार लिहीत नाही. सर्टिफिकेट पोलीस देतात, पाच वर्षांसाठी, आणि घरी येऊन कुलपाचं कपाट नीट बसवलंय का ते बघून जातात.

टणक प्लास्टिकच्या पेटीत बंदूक सुटी येते. एक खांद्याला लावायचा दस्ता आणि त्याला जोडलेली, चाप असलेली धातूची बॉडी, दुसऱ्या नळ्या, तिसरा नळ्यांखाली हात धरायचा लाकडी फोरएंड. कारखान्यातलं तेल आधी पुसून काढा, नळ्यांतून कोरडी चिंधी फिरवा आणि उजेडाकडे धरून आरपार बघा. फोरएंड पेटीत नळ्यांनाच अडकवलेला असतो, तो खटका सोडवून बाजूला ठेवायचा. मग दस्ता उजव्या काखेत धरून वरची कळ अंगठ्याने उजवीकडे दाबून ठेवायची आणि डाव्या हाताने नळ्या तिरक्या उतरवून बिजागरीवर बसवायच्या. बसल्या की हाताला कळतं. सावकाश मिटायचं, दस्त्याचं बूड मांडीवर टेकवून फोरएंड चढवायचा, खटका टक् वाजला की झालं. लिहायला सोपं आहे, पण नवेपणी सगळंच घट्ट असतं. अडलं तर जोर लावू नका, नळ्या पुन्हा काढून बसवा. बिजागरीला मोहरीएवढं ग्रीस पुरतं. जास्त थापलं तर त्यावर धूळ बसते आणि तीच धातू घासत राहते. आणि सिनेमातल्यासारखी मनगटाच्या झटक्याने फटकन मिटू नका, बघवत नाही.

मिटल्यावर वरची कळ मधोमध येत नाही, जराशी उजवीकडेच राहते. ही चांगली खूण आहे. आत शंकूसारख्या निमुळत्या दोन पिना बॉडीतून पुढे सरकून वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत शिरतात. वर्षानुवर्षं धातू झिजला की त्या थोड्या अधिक आत जातात आणि कळ मध्याकडे येते. जुनी बंदूक घेणारे म्हणूनच आधी कळ बघतात. नळ्या अडकवायला खाली लोखंडाचा जाड ठोकळा नसल्यामुळे बॉडी बसकी आहे. डावा हात नळ्यांच्या अगदी जवळ राहतो, आणि खालच्या नळीचा धक्का जवळजवळ सरळ खांद्यात येतो, नळ्यांचं तोंड फार उसळत नाही. पहिला बार खालच्या नळीने काढायचा तो यासाठी. कोणती नळी आधी, हे सुरक्षा खटक्यावरच्या बारीक कळीने ठरतं.

घरी खोटी काडतुसं घालून चाप ओढायचा सराव करणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर काहीच होणार नाही. बिघाड नाही तो. चाप दुसऱ्या नळीकडे वळतो तो पहिल्या बाराच्या धक्क्याने, आणि खोट्या काडतुसाला धक्का कुठला?

आता दस्ता. त्याची लांबी पावणेपंधरा इंचांच्या आसपास, म्हणजे सरासरी पुरुषाच्या मापाची. मला तो खांद्याला आणताना बगलेत अडकायचा. बेरेटा बायकांसाठी व्हित्तोरिया नावाची आवृत्तीही काढतं, तिचा दस्ता आखूड असतो. मी मुद्दाम साधीच घेतली आणि गनस्मिथकडून मापाने कापून घेतली. कापल्यावर मागचं वजन घटतं, तोल पुढे सरकतो. काहींना ते आवडत नाही. मला आवडलं, कारण साडेतीन किलोच्या आतबाहेरची ही बंदूक पुढे जड झाली की तबकडीमागे फिरणारा हात ऐन बाराच्या वेळी थांबत नाही. काडतूस २४ ग्रॅम छर्‍यांचं वापरते. २८ वाल्यांनी २८ वापरावं, माझा खांदा मला प्रिय आहे.

मैदानावर एका स्टँडवरून, म्हणजे बार काढायच्या जागेवरून, दुसऱ्याकडे जाताना ती रिकामी आणि बिजागरीवर वाकवून उघडलेली, नाहीतर म्यानात. उघडी दुनळी रिकामी असल्याचं दहा पावलांवरूनही दिसतं, म्हणून एकनळी, आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोपेक्षा ही मला जास्त आवडते.

सोबत पाच चोक येतात, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायच्या छोट्या नळकांड्या; छर्‍यांचा झोत किती आवळायचा ते त्या ठरवतात. काठावरच्या खाचा मोजायच्या: एक खाच म्हणजे फुल, सगळ्यात आवळलेला; पाच म्हणजे सिलिंडर, सगळ्यात मोकळा. चोक काढून बंदूक कधीही चालवू नका, नळीचे आटे खराब होतात. मी खाली चार खाचांचा आणि वर तीन खाचांचा लावलाय आणि चोक काढायची चावी पिशवीच्या तळाला टाकलीय. नवरा दर स्टँडला चोक बदलतो. त्याचा स्कोअर इथे लिहीत नाही, त्यालाही मराठी वाचता येतं.