शर्ली टेम्पल: जिंजर एल घ्यावे की लिंबाचा सोडा?

मुलांच्या वाढदिवसाला शर्ली टेम्पल, म्हणजे मोठ्यांच्या कॉकटेलसारखा दिसणारा पण बिनदारूचा ग्लास द्यावा असे ठरले, की ग्रेनडीन (गोड लाल पाक) आणि चेरी या दोन गोष्टींबद्दल फारसा वाद होत नाही. प्रश्न उरतो तो त्यावर काय ओतायचे, एवढाच. जुन्या पद्धतीत जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचा गोड सोडा आहे, तर आता पुष्कळ ठिकाणी लिंबाच्या चवीचा गोड सोडा वापरतात. मी दोन्ही करून पाहिले आहे.

हे पेय 1930 च्या दशकात, 1928 साली जन्मलेल्या बालतारका शर्ली टेम्पलच्या नावाने रूढ झाले. त्याच्या जन्माचा मान हॉलीवूडचे ब्राऊन डर्बी आणि चेसन्स ही रेस्टॉरंटे व होनोलुलूचे रॉयल हवाईयन हॉटेल अशा तीन ठिकाणांना दिला जातो. स्वतः शर्लीबाईंचे मत ब्राऊन डर्बीकडे झुकत असे. मात्र त्यांनाच ते पेय फार गोड वाटत असे, आणि माझ्या निवडीचा धागा नेमका इथेच सापडतो.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी भाचीच्या वाढदिवसाला मी लिंबाचा सोडा वापरला. दिसायला तो ग्लास निःसंशय देखणा होता: तळाशी जड पाक, वर स्वच्छ पाणेरी रंग आणि मध्ये गुलाबी छटा. परंतु पाहुणे गेल्यावर खिडक्यांच्या कठड्यांवर, टीव्हीमागे आणि चक्क तुळशीपाशी अर्धे उरलेले ग्लास सापडले, आणि रात्रीपर्यंत मुंग्यांनी त्यांचा ताबा घेतला होता. गोडावर गोड पडल्याने मुले चार घोट घेऊन पाणी मागतात, असा माझा तरी अनुभव आहे. पुढच्या वर्षी जिंजर एल आणले, तेव्हा उचलायला रिकामे ग्लासच होते. साखर त्यातही असतेच. पण आल्याचा हलका चरचरीतपणा तिला आवर घालतो.

जिंजर एल महाग पडते आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, हे मान्य करायला हवे. ते न मिळाल्यास साध्या सोड्यात आल्याचा गाळलेला रस आणि थोडी साखर घालून मी वेळ निभावली आहे. ग्रेनडीन मात्र शक्यतो घरी करावे. फ्रेंचमध्ये डाळिंबाला ‘ग्रेनाद’ म्हणतात, त्यावरून आलेले हे नाव असले तरी बाजारातल्या अनेक बाटल्यांत डाळिंबाचा मागमूस नसतो. डाळिंबाचा रस आणि तेवढीच साखर मंद आचेवर विरघळवून गार केली, की काम होते. उंच ग्लासात बर्फावर तीन चमचे पाक घालून जिंजर एल कडेने हळू ओतावे.

पाहुण्यांना हे ‘शिकंजीसारखे’, म्हणजे लिंबू सरबतासारखे, आहे असे मात्र सांगू नये. इंदूरकर त्या शब्दावर दाट, मसालेदार दुधाची वाट पाहत बसतो.

जिंजर एलच्या पिवळसर रंगामुळे गुलाबी छटा थोडी मळकट दिसते, ही तक्रार खरी आहे, आणि म्हणून फोटोपुरता एक ग्लास आम्ही अजूनही लिंबाच्या सोड्याचाच भरतो.