ऑरलँडोला जाताय? घरातल्या दिव्यांग माणसासाठी डिस्ने की युनिव्हर्सल

भारतातून आजी-आजोबा आले, मुलांना सुट्टी लागली, की अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत ऑरलँडोचा बेत ठरतो. पण घरात स्वमग्न मूल असेल किंवा कुणाला तासभर उभं राहणं झेपत नसेल, तर तिकिटांच्या आधी रांगेचा विचार करावा लागतो. फ्लोरिडातल्या जुलैच्या उन्हात दीड तासाची रांग म्हणजे अशा माणसाला त्या दिवसातून वगळण्यासारखंच आहे.

डिस्ने आणि युनिव्हर्सल ही ऑरलँडोतली राइड्सची मोठी उद्यानं. दोघंही दिव्यांगांना रांगेत सवलत देतात आणि तिचे पैसे घेत नाहीत. १९९० च्या अमेरिकी अपंगत्व कायद्याने वाजवी सोय करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि भारतातून फिरायला आलेल्या पाहुण्यालाही तो कायदा लागू होतो. फरक आहे तो सवलत कुणाला द्यायची हे ठरवण्यात. डिस्ने तुमचं बोलणं ऐकून ठरवतं, तर युनिव्हर्सलला आधी कागद लागतो. म्हणून तुमच्या माणसाची अडचण नेमकी काय आहे, इथून सुरुवात करा.

डिस्नेच्या सवलतीचं नाव डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस, सगळे तिला ‘डॅस’ म्हणतात. ती २०१३ मध्ये आली. त्याआधीच्या कार्डावर थेट आत जाता यायचं आणि त्याचा गैरवापर फार वाढला होता. पैसेवाली कुटुंबं दिव्यांग व्यक्तीला भाड्याने सोबत घेऊन फिरत असल्याच्या बातम्या त्या वर्षी गाजल्या होत्या. डॅसमध्ये रांग चुकते, वाट पाहणं चुकत नाही. राइडला तासाभराची रांग असेल तर ॲपवर साधारण तेवढ्या वेळानंतरची वेळ मिळते. तोवर सावलीत बसा, जेवून घ्या, आणि वेळ झाली की लायटनिंग लेनने, म्हणजे कमी गर्दीच्या वेगळ्या वाटेने, आत जा. एका वेळी एकाच राइडची वेळ घेता येते.

मे २०२४ मध्ये डिस्नेने ही सवलत बरीच आवळली. स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच ती आहे, असं आता स्पष्ट लिहिलेलं असतं. अर्ज व्हिडिओ कॉलवर होतो, ज्याच्यासाठी सवलत हवी ती व्यक्ती कॉलवर हजर लागते, आणि डॉक्टरांचं पत्र मागत नाहीत. रोगाचं नाव सांगून तिथे फारसं काही साधत नाही. रांगेत काय घडतं ते सांगा: आवाज वाढला की कान झाकून खाली बसतो, दहा मिनिटांनी डोकं आपटायला लागतो, मागून कुणी टेकलं की धावत सुटतो. आईला हे अनोळखी माणसासमोर, मुलाच्या देखत सांगणं किती जड जातं ते मी आमच्या घरात पाहिलं आहे. तरी आधी कागदावर लिहून काढा आणि खरं तेच सांगा. खोटी माहिती दिल्याचं आढळलं तर कायमची प्रवेशबंदी होते.

क्रोन्ससारखा आतड्याचा आजार, संधिवात, मज्जासंस्थेचा विकार असेल तर डिस्नेत डॅस मिळण्याची आशा फार धरू नका. अशांना बहुधा दुसरी सोय सुचवली जाते: रांग सोडून स्वच्छतागृहात जा आणि परत येऊन आपल्या माणसांना गाठा. बाप एकटाच सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेला असेल तर तिला रांगेत कुणाच्या भरवशावर सोडणार? हा बदल मला अन्यायकारक वाटतो.

अशा घरांनी युनिव्हर्सलचा विचार आधी करावा. तिथे आयबीसीसीईएस या संस्थेचं ॲक्सेसिबिलिटी कार्ड ऑनलाइन काढावं लागतं. त्यासाठी फोटो आणि डॉक्टरांचा किंवा सरकारी यंत्रणेचा कागद जोडायचा, आणि अर्ज भेटीच्या निदान ४८ तास आधी करायचा. कार्ड वर्षभर चालतं, पण कार्ड म्हणजे सवलत नव्हे. त्यानंतर युनिव्हर्सलची माणसं तुमच्याशी बोलतात आणि अट्रॅक्शन असिस्टन्स पास द्यायचा की नाही ते ठरवतात. पासची रीत डॅससारखीच आहे. फक्त रांग ३० मिनिटांहून कमी असेल तर वेळ न घेता एक्सप्रेसच्या, म्हणजे युनिव्हर्सलमधल्या कमी गर्दीच्या वेगळ्या वाटेने सोडतात, आणि दिवसभरात याचा चांगलाच फायदा होतो. आजी-आजोबांसाठी हे हवं असेल तर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र पुण्याहून निघतानाच घ्या. सवलत नाकारली गेली आणि खिशाला परवडत असेल तर आणखी एक वाट आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या युनिव्हर्सलच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना तिथल्या दोन जुन्या उद्यानांचा एक्सप्रेस पास खोलीसोबतच मिळतो. एपिक युनिव्हर्स या मे २०२५ मध्ये उघडलेल्या उद्यानात मात्र तो चालत नाही.

व्हीलचेअरचा हिशेब वेगळा. नुसत्या व्हीलचेअरसाठी दोन्हीकडे रांगेतून सुटका नाही, कारण बहुतेक रांगा चाकं जातील अशा रुंद आहेत. अडचण येते ती बसताना. खुर्चीतून उठून राइडमध्ये बसता येत नसेल तर माझं मत डिस्नेला. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’, जंगल क्रूझ, टॉय स्टोरी मॅनिया, किलिमांजारो सफारी यांत खुर्चीसकट जाता येतं. युनिव्हर्सलमध्ये हॉगवर्ट्स एक्सप्रेस, कॅट इन द हॅट, किंगकाँगची राइड अशा काही जागा आहेत, पण तिथला भर वेगवान झुल्यांवर आहे आणि त्यांत खुर्ची सोडावीच लागते. विजेवर चालणारी स्कूटर घेणार असाल तर युनिव्हर्सलच्या रांगांत ती सोडून साध्या व्हीलचेअरवर बसायची तयारी ठेवा. कृत्रिम हात किंवा पाय असेल, पकड कमी असेल, तर युनिव्हर्सलची सुरक्षा-पुस्तिका तिकीट काढण्याआधी राइडगणिक वाचा. काही झुल्यांना हाताची घट्ट पकड लागते, काहींवर कृत्रिम अवयव काढून ठेवावा लागतो. मुलाला हे दारात कळलं तर त्याचा सगळा दिवस त्या दारातच संपतो.

दोन मुलांपैकी एकालाच राइड झेपत असेल तर आई-बाबांनी आळीपाळीने बसायची सोय दोन्हीकडे आहे. पण युनिव्हर्सलमध्ये वाट पाहायला बऱ्याच राइडपाशीच वेगळी खोली असते आणि गोंगाटाने बिथरणाऱ्या मुलाला तिचा मोठा आधार वाटतो. इन्सुलिनसारखी औषधं थंड ठेवायची असतील तर डिस्नेच्या प्रथमोपचार केंद्रात ती ठेवता येतात.

आमच्यासारखं घर असेल, भाचा स्वमग्न आणि आजीचे गुडघे गेलेले, तर मी डिस्ने निवडेन. भाच्याला डॅस मिळाली की सोबत घरच्यांनाही त्याच वेळेत आत जाता येतं, आणि आजी खुर्चीतून न उठता नातवासोबत बोटीत बसू शकते. पण अडचण एकट्या आजीचीच असेल आणि हातात डॉक्टरांचं पत्र असेल, तर युनिव्हर्सलला अर्ज करून उत्तर येईपर्यंत तिकिटं काढू नका.