ठाणे स्थानक (पश्चिम) आणि सॅटिसवरील बससेवा: एक परीक्षण

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उभारलेल्या सॅटिस पुलामागची कल्पना साधी आहे. लोकलमधून उतरलेल्या प्रवाशाने रेल्वेचा पादचारी पूल चढावा आणि रस्त्यावर न उतरता, त्याच उंचीवर उभ्या असलेल्या ठाणे परिवहनच्या बसमध्ये बसावे. खालचा रस्ता रिक्षा आणि खासगी वाहनांसाठी, तर वरचा मार्ग बससाठी, ही विभागणी ज्याने कुर्ला किंवा अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत बस शोधली आहे, त्याला पहिल्याच दिवशी पटते. पावसाळ्यात तर या रचनेचे मोल अधिकच जाणवते, कारण साचलेल्या पाण्यातून बसथांब्यापर्यंत जाण्याची वेळ येत नाही.

मात्र पुलापर्यंत पोहोचणे हीच खरी कसोटी आहे. जलद लोकल प्रामुख्याने 5 आणि 6 क्रमांकाच्या फलाटांवर थांबतात आणि संध्याकाळी एकापाठोपाठ एक गाड्या आल्या, की जिन्याच्या पायथ्याशी माणसांचा गठ्ठा तयार होतो. चढणारे दोन पावले पुढे सरकतात, तोच वरून उतरणाऱ्यांची रांग त्यांना कडेला रेटते. 2024 मध्ये मे महिन्याच्या अखेरीस 63 तासांचा ब्लॉक घेऊन 5 क्रमांकाचा फलाट रुंद करण्यात आला. त्यामुळे गाडीची वाट पाहणाऱ्यांना उभे राहायला जागा मिळाली, परंतु जिन्याची रुंदी वेगळी बाब आहे आणि कोंडी शेवटी तेथेच होते. वाशी-पनवेलकडून ट्रान्स हार्बरने येणाऱ्यांचे फलाट पूर्वेच्या टोकाला असल्याने त्यांना अख्खे स्थानक ओलांडूनच सॅटिस गाठावा लागतो. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी हा वेळ हिशेबात धरूनच निघावे.

सॅटिसवर आल्यानंतर लोकमान्य नगर, वसंत विहार यांसारख्या शहरातील मार्गांवर जाणाऱ्यांचे काम तुलनेने सोपे आहे. खरी परीक्षा घोडबंदर रस्त्याच्या प्रवाशांची होते. कापूरबावडीच्या पुढे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असा पसरत गेलेला हा पट्टा रेल्वेपासून दूर आहे आणि तेथील वस्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने बसची संख्या वाढलेली नाही. म्हणूनच गर्दीच्या वेळी रांगेतला माणूस बसची पाटी नीट वाचतो आणि तरीही पायरीवर पाय ठेवता ठेवता वाहकाला "मानपाडा जाणार ना?" असे विचारतोच. बस सुटल्यावर वेळेची हमी नसते, कारण मेट्रोच्या कामांमुळे आणि अवजड वाहनांमुळे या रस्त्यावरील कोंडी नित्याचीच झाली आहे. शेअर रिक्षा खाली मिळते आणि ती लवकर सुटते हे खरे. मात्र लांबच्या अंतरासाठी बसचे भाडे खिशाला कितीतरी परवडते, आणि वातानुकूलित बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, तर कोंडीही थोडी सुसह्य होते. (ती जागा मिळवण्यासाठी एखादी बस सोडण्याची तयारी असावी लागते.)

तिकिटांच्या बाबतीत परिस्थिती सुधारते आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झालेल्या मुंबई वन अॅपमध्ये लोकल, मेट्रो आणि ठाणे परिवहन यांचा एकत्रित समावेश असल्यामुळे अधूनमधून येणाऱ्या प्रवाशाची मोठी सोय झाली आहे.

पूर्वेला, कोपरीच्या बाजूलाही अशाच उन्नत मार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. ते झाल्यास ट्रान्स हार्बरच्या प्रवाशांना पश्चिमेची फेरी टाळता येईल. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो 4 मार्गिका घोडबंदर पट्ट्याला मोठा आधार देईल, परंतु ती ठाणे स्थानकापाशी न येता तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी अशी जाते. त्यामुळे मेट्रो धावू लागल्यावरही लोकलने ठाण्यात उतरणाऱ्याला स्थानक ते मेट्रो हा टप्पा बसनेच पार करावा लागणार आहे, आणि सॅटिसवरून तीन हात नाक्यापर्यंत थोड्या थोड्या वेळाने सुटणाऱ्या लहान फेऱ्यांची आखणी परिवहन सेवेने आतापासूनच करायला हवी.